बचाव-नौकेसाठी नवा गाडा निवडताना

(पूरप्रवण तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका-स्तरावरील अधिकारी यांच्या पावसाळापूर्व शिबिरात एका निवृत्त यांत्रिकी अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर आणि बचावकार्य या विषयावर बोलण्यासाठी मला येथे बोलाविण्यात आले आहे. नौका कशी चालवावी, बुडणाऱ्यास कसे वाचवावे, याविषयी माझ्यापेक्षा अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आपल्यापुढे येऊन गेली आहेत. मी मात्र नौका पाण्यात जाण्यापूर्वीच्या प्रवासाविषयी बोलणार आहे. यांत्रिक नौका रस्त्याने ज्या दोन चाकांवरून नेली जाते, त्या गाड्याविषयी, म्हणजे आपण सर्वजण ज्याला ट्रेलर म्हणतो त्याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही सन २०१९ च्या ऑगस्टपर्यंत तो तसाच वाटत होता.

त्या महिन्यात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात काय घडले ते आपणांस सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तर सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४५ फूट. दोन्ही नद्या त्या खुणांच्या कितीतरी वर गेल्या. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापुराजवळ पाण्याखाली गेला. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नावा थोड्या आणि माणसे फार, अशी ती वेळ होती. अशा वेळी एखादी धडधाकट नाव केवळ तिचा गाडा मोडल्यामुळे रस्त्यात अडकून पडावी, ही गोष्ट मनाला फार लागते.

तसा प्रसंग मी पाहिला. गावाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. आमची नाव त्या दिवशी सकाळपासून दोनदा पाण्यात उतरली होती. तिसऱ्या खेपेस नेहमीचा रस्ता बंद म्हणून आडवाटेने चाललो असता उजव्या चाकातून करकर आवाज येऊ लागला, मग जळक्या ग्रीसचा वास आला आणि चाक जागीच आवळले. पाणी तेथून तीन किलोमीटर दूर होते. शेवटी वीसएक तरुणांनी नाव खांद्यावर उचलून उसाच्या ट्रॉलीत चढविली. या साऱ्यात दोन तास गेले. कोणाचे बरेवाईट झाले नाही. पण एका घराच्या कौलांवर सात माणसे ते दोन तास भिजत बसून होती, आणि त्यांत एक बाळंतीण होती.

पुढे गाडा उघडून पाहिला तेव्हा बेअरिंगमध्ये ग्रीस असे उरलेच नव्हते. होता तो तांबूस चिखल. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण नव्या गाड्याची निवड पुष्कळशी त्यावरच अवलंबून राहते. रस्त्याने धावताना चाकाचा हब तापतो आणि आतील हवा प्रसरण पावते. तसाच तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की ती हवा एकदम आकुंचित होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरचे पाणी तेलरोधक कड्याच्या फटीतून आत ओढले जाते. हौशी नौकाधारकांना सांगतात की काठावर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबा, हब निवू द्या, मग गाडा पाण्यात घाला. पुराच्या वेळी हा उपदेश कोण ऐकणार? म्हणून आपल्या गाड्यास स्प्रिंगच्या दाबाने ग्रीस भरलेले ठेवणारी टोपणे हबवर असलीच पाहिजेत. त्यांत बाहेरूनच ग्रीस-गनने ग्रीस भरता येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहत असल्याने पाण्यास शिरकाव मिळत नाही. ग्रीसही पाण्यात न धुपणारे, जलरोधक म्हणून मिळते ते वापरावे. आणि इतके करूनही पूर ओसरल्यावर हब उघडून बेअरिंगे धुऊन नवे ग्रीस भरावेच. हे काम तालुक्यातील कोणताही ट्रॅक्टर-मिस्त्री अर्ध्या दिवसात करतो.

आता निवडीकडे वळू. माझी पहिली विनंती अशी की, जुना गाडा का बाद करावा लागला ते आधी कागदावर लिहून काढा. जडवस्तू संग्रह नोंदवहीत निर्लेखनाचा शेरा मारताना आपण 'निरुपयोगी' एवढाच शब्द लिहितो आणि नव्या मागणीत जुन्याच मापांची नक्कल करतो. मग जुनेच दोष नव्या रंगात परत येतात. आमच्या त्या गाड्यात बेअरिंगखेरीज आणखी एक दोष होता, जो वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. तो नावेपेक्षा वीतभर आखूड होता. नावेच्या मागच्या ज्या सपाट भिंतीवर ओबीएम, म्हणजे बाहेरून बसविण्याचे यंत्र, अडकवितात, ती भिंत आधाराच्या पलीकडे अधांतरी राहत असे. नावेतील सर्वांत जड वस्तू तेथेच टांगलेली! खड्ड्याखड्ड्यांतून हिसके बसून नावेचा तळ मागे किंचित वाकला होता, आणि असा वाकलेला तळ पाण्यात नाव नीट चालू देत नाही. तेव्हा गाड्याचे आधार नावेच्या अगदी मागच्या कडेपर्यंत पोहोचतात की नाही, हे नाव प्रत्यक्ष ठेवूनच पाहावे.

वजनाचा हिशेब फार जण नाव आणि यंत्र एवढाच धरतात. शिक्षक मंडळींना हे उदाहरण वर्गातही घालता येईल. समजा, नुसती नाव ४०० किलो, ओबीएम व बॅटरी मिळून ८० किलो, पेट्रोलचे प्रत्येकी २५ लिटरचे दोन डबे ४० किलो, जीवरक्षक जाकिटे, दोर, नांगर, वल्ही वगैरे ६० किलो. हे झाले ५८० किलो. ओला चिखल आणि तळाशी साचलेले पाणी यांसाठी ५० किलो धरा, ६३० झाले. यावर निदान पाचवा हिस्सा राखीव धरला तर साडेसातशे किलो भार वाहणारा गाडा हवा. त्यात गाड्याचे स्वतःचे वजन मिळविले म्हणजे ओढणाऱ्या वाहनावर किती बोजा पडणार ते कळते, आणि तो आकडा त्या वाहनाच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. पाण्याचा उल्लेख मी उगाच केला नाही. उघड्यावर ठेवलेल्या नावेच्या तळाचे क्षेत्र ५ चौरस मीटर असेल आणि तीत पावसाचे १० सेंटिमीटर पाणी साचले, तर ते ५०० किलो होते. जून-जुलैत ताडपत्री न घालता आणि तळाचे बूच न काढता ठेवलेली नाव गाड्याचे पाटे उभ्या जागी बसविते. (बूच काढले तर ते नावेतच दोरीने बांधून ठेवावे. बूच घरी विसरून नाव पाण्यात लोटणारे मी पाहिले आहेत.)

भार किती याइतकेच तो कोठे, याला महत्त्व आहे. आपल्या बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाचा पाच ते दहा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. वरील उदाहरणात गाड्याचे वजन २२० किलो धरल्यास एकूण ८५० किलो होतात, म्हणून जोडावर साधारण ४५ ते ८५ किलो असावेत. याहून कमी असेल तर वेगात गाडा शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि जीपगाडीलाही ओढून नेतो. अधिक असेल तर जीपची मागची बाजू दबून पुढच्या चाकांवरचा ताबा सुटतो. मोजणे अगदी सोपे आहे. सपाट जागी गाडा उभा करून पुढचे टोक जोडाच्या उंचीइतक्या लाकडी ठोकळ्यावर ठेवावे, ठोकळा रेशन दुकानातील वजनकाट्यावर, आणि ठोकळ्याचे वजन वजा करावे. चूक निघाली तर विंचचा खांब पुढेमागे सरकवून नाव हलविता आली पाहिजे. म्हणून विंचचा खांब व आस ही दोन्ही वेल्डिंगने कायमची न जोडता नटबोल्टने कसलेली असावीत, असा स्पष्ट उल्लेख विनिर्देशात करावा.

नाव ज्यावर टेकते ते आधार दोन प्रकारचे असतात: रबरी रूळ आणि जाड कापड मढविलेल्या लांब लाकडी पट्ट्या. पट्ट्यांवर भार सारखा पसरतो, पण नाव तरंगविण्यासाठी गाडा पाण्यात खोलवर न्यावा लागतो. रुळांवरून नाव उथळ पाण्यातही ढकलता येते. आपल्याकडे पुराच्या वेळी नाव उतरविण्याचा धक्का म्हणजे बुडालेला डांबरी रस्ता, ज्याचा उतार जवळजवळ नसतोच आणि ज्याच्या कडा दिसत नाहीत. तेथे वाहन पाण्यात खोल घालणे धोक्याचे आहे. म्हणून फायबरच्या, कणा असलेल्या नावेसाठी मी रुळांचा गाडा पसंत करीन. रबरी हवेच्या नावेसाठी मात्र पट्ट्याच हव्यात, कारण रुळांचा टोचा तिला सोसत नाही.

ओढणार कोण, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. कागदावर तहसील कार्यालयाची जीप असते. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा जीप दुसरीकडे गुंतलेली असते आणि समोर असतो कोणाचा तरी ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला खिळीचा जोड, जीपला बहुधा गोळ्याचा. गोळ्यातही ५० मिलिमीटर आणि २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, अशी फसवी मापे आहेत. ५० चा कप दोन इंची गोळ्यावर पुरता बसत नाही आणि वरवर बसल्यासारखा दिसतो. तेव्हा पुढचे तोंड बदलता येईल असा दांडा घ्यावा, दोन्ही तोंडे गाड्यावरच साखळीने अडकवून ठेवावीत, आणि जोड निसटला तरी गाडा सुटू नये म्हणून दांड्याखालून फुलीसारख्या जाणाऱ्या दोन सुरक्षा-साखळ्या असाव्यात. विंचचा पट्टा हा नाव बांधण्याचा पट्टा नव्हे, हेही सांगून ठेवतो. नावेची नाळ वेगळ्या साखळीने आणि मागची बाजू दोन पट्ट्यांनी गाड्याशी आवळली पाहिजे.

चाकांच्या बाबतीत लहान चाक स्वस्त पडते, म्हणून दरपत्रकात तेच येते. ५० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ६३५ फेरे घेते, तर ६५ सेंटिमीटरचे ४९०. बेअरिंग किती तापणार ते यावरून समजेल. शिवाय लहान चाक खड्ड्यात अधिक आपटते. तालुक्यात ज्या जीपगाड्या जास्त आहेत त्यांचेच चाक आपल्या हबवर बसेल असा हब मागावा, म्हणजे रात्री दोन वाजताही जादा चाक मिळू शकेल. टायर झिजून नव्हे तर उभ्या उभ्या म्हातारा होऊन जातो. त्याच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; '२३२४' म्हणजे सन २०२४ चा तेविसावा आठवडा. नवा गाडा ताब्यात घेताना हा आकडा वाचावा. जुना माल नव्या रंगात मिळण्याची शक्यता येथे सर्वांत जास्त. पूर नसलेल्या महिन्यांत आसेखाली ठोकळे देऊन चाके अधांतरी ठेवावीत.

सांगाड्यासाठी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले पोलाद घ्यावे. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या त्या स्नानात जस्त पोलादाशी एकजीव होते व पुढे स्वतः झिजून पोलाद वाचविते. चंदेरी रंग फासलेला गाडा तसाच दिसतो, पण चाकूने खरवडले की भेद कळतो. जस्तलेपानंतर वेल्डिंग केले तर तेवढी जागा उघडी पडते, म्हणून सर्व जोडकाम लेपाआधी पुरे व्हावे. चौकोनी नळीचा सांगाडा असल्यास पाणी बाहेर पडण्यास भोके आहेत ना, ते वाकून पाहावे. रत्नागिरी-रायगडकडील मंडळींना खाऱ्या पाण्यामुळे हा खर्च अनिवार्य आहे; देशावर तो परवडतो का असे मला विचारतात. माझे उत्तर असे की यंत्र दहा अश्वशक्तीने लहान घ्या, पण गाड्यात काटकसर करू नका.

दिव्यांची पट्टी काढघाल करता येणारी असावी, म्हणजे पाण्यात जाण्यापूर्वी ती काढून जीपमध्ये ठेवता येईल.

एक कायद्याची बाब. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे. तेव्हा गावातील वेल्डरकडून बनवून घेतलेला गाडा, तो कितीही मजबूत असला तरी, नोंदणीविना रस्त्यावर आणणे ग्रामपंचायतीस अडचणीचे होईल. मागणी नोंदविण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाशी बोलून कोणती कागदपत्रे लागतील ते समजून घ्यावे आणि ती देण्याची जबाबदारी निविदेतच पुरवठादारावर टाकावी. न्यूनतम दराचा प्रश्न लेखापरीक्षणात येतो हे मी जाणतो. त्याचे उत्तर विनिर्देशातच असते. वर सांगितलेल्या गोष्टी मोघम न लिहिता मापांसह लिहिल्या, तर हलका माल न्यूनतम दरानेही स्पर्धेत उतरू शकत नाही.

ताबा घेण्याचा दिवस मे महिन्यातला ठेवा. त्या दिवशी नाव पूर्ण साहित्यासह गाड्यावर चढवून वीस किलोमीटर न्यावी, थांबून दोन्ही हबांवर हात ठेवून पाहावा. कोमट असावेत, हात ठेववत नसेल तर गाडा परत करावा. मग तळ्यावर नाव उतरवावी, चढवावी, आणि तेही दोनदा, दुसऱ्यांदा अंधार पडल्यावर. जो चालक पुराच्या वेळी येणार त्यालाच गाडा मागे घ्यावयास लावावे, कारण आखूड गाडा मागे घेताना चटकन दुमडतो आणि ती सवय भाषणाने लागत नाही. आमच्या येथील नवा गाडा असाच पारखून घेतला. पहिल्या पुरवठादाराचा डावा हब इतका तापला की आम्ही तो स्वीकारलाच नाही. दुसरा आला तो सन २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा चढले तेव्हा, चार दिवसांत अकरा वेळा पाण्यात गेला आणि अकराही वेळा आपल्या चाकांवर परत आला.