थोडी दारू, हलकी गोळी



विषयाचे नाव फलकावर वाचून, दारूबंदीवर बोलायला युनियनचा माणूस आणला, असा काही मंडळींचा समज झाल्याचे आमच्या कानांवर आले आहे. तेव्हा आधीच सांगतो की, ही दारू बंदुकीची. अमेरिकेत निशाणबाजीची हौस असलेले पुष्कळ लोक घरच्या बाकावर बसून रायफलीची काडतुसे स्वतः भरतात, त्यांच्या कामाची ही दारू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून असला उद्योग करणे हा गुन्हा आहे. म्हणून भरण्याची मापे आम्ही सांगणार नाही, त्यामागचा विचार तेवढा सांगू. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे रद्दीच्या दुकानांतील पुस्तकांनी केले. त्यांतच या विद्येची एक अमेरिकन पोथी हाती लागली, आणि बाकावरच्या माणसाच्या सुरक्षिततेविषयी तीत जे वाचले ते कारखान्यांच्या नियमांत आम्हांला इतके स्वच्छ कधी आढळले नव्हते.

अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलेले पॉइंट थर्टी-ओ-सिक्स हे काडतूस पाहा. त्याच्या पितळी पुंगळीत पुऱ्या भाराची सुमारे ५० ग्रेन, म्हणजे तीन ग्रॅमहून थोडी अधिक दारू मावते, आणि तांब्याचे आवरण असलेली गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांहून अधिक वेगाने सुटते. हे हरिणाच्या शिकारीला ठीक. पण रविवारी दुपारी कागदावर नेम धरायचा तर एवढा धक्का, एवढा आवाज आणि एवढा खर्च कशाला? मग हौशी माणूस शिसे वितळवून साच्यात स्वतःची गोळी ओततो आणि तिला बाराशे ते सोळाशे फुटांच्या वेगाने हाकतो. याहून फार जोर केला तर शिसे मऊ असल्यामुळे नळीच्या आट्यांत घसरते आणि नळीला लिंपून बसते.

आता प्रश्न असा की, मोठ्या पुंगळीत थोडीच दारू घालायची तर ती कोणती? आपल्या मनात पहिले उत्तर येते, रायफलीचीच घालावी, फक्त कमी. हे उत्तर चुकीचे आहे.

धूरविरहित दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी काढली, तेव्हापासून कारागिराच्या हाती एक नवी किल्ली आली. दाण्याचा आकार, जाडी आणि त्यावरचा लेप बदलून जळण्याचा वेग ठरविता येऊ लागला. बाभळीचा ओंडका आणि त्याच ओंडक्याच्या ढलप्या यांत लाकूड सारखेच, पण चुलीत घातल्यावर फरक कळतो. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची. गोळी बाहेर पडण्यापूर्वी दारू जळून गेली पाहिजे, म्हणून ती पातळ पोह्यांसारखी असते. रायफलीची दारू सावकाश जळते आणि नीट जळण्यासाठी तिला भरपूर दाब लागतो. तो दाब हलक्या भारात मिळत नाही. मग अर्धवट जळालेले दाणे नळीत सापडतात आणि एका गोळीचा वेग दुसरीशी जुळत नाही. याहून वाईट म्हणजे, अतिसावकाश दारू फार कमी भरली असता क्वचित दाब एकाएकी भडकून रायफली फुटल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. कारणाविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही, पण कमी घातली म्हणजे धोका कमी, हा हिशेब येथे चालत नाही एवढे खरे.

म्हणून जाणते लोक पिस्तुलाच्या दारूकडे वळतात. ‘बुल्सआय’ ही १८९८ ची, ‘युनिक’ १९०० ची. दोन्हींनी शंभर वर्षे ओलांडली. ‘बुल्सआय’ फार चपळ, ‘युनिक’ मध्यम चालीची. थोड्या दारूतही लवकर दाब धरतो, जळण पुरे होते, आणि पैसाही वाचतो. एका पौंडात ७,००० ग्रेन. ५० ग्रेनच्या भाराने १४० काडतुसे होतात. पाचव्या हिश्शात भागले तर ७००.

पण याच बचतीत धोका दडलेला आहे. चिमूटभर दारू खोल पुंगळीच्या तळाशी बसते. भरणाऱ्याला कोणी हाक मारली, लक्ष गेले, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तरी वरून सहज कळत नाही. दुप्पटच काय, तिप्पटही मावते. रायफलीच्या दारूचा पुरा भार दोनदा घालू म्हटले तर ती बाकावर सांडेल आणि चूक स्वतः ओरडून सांगेल. चपळ दारू मूग गिळून बसते, आणि बोलते ती गालाजवळ.

येथे आम्हांला एक कारखाना आठवतो. तेथे प्रेसखाली एका कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदात कारण लिहिले, कामगाराचे दुर्लक्ष. भिंतीवर ‘सावध राहा’ ही पाटी होती, एवढ्यावर मालकांचे कर्तव्य संपले होते. अहो, आठव्या तासाला कोणता माणूस सावध असतो? त्या अमेरिकन पोथीत पाटी नव्हती, रीत होती. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. भरलेल्या पुंगळ्या फळीच्या भोकांत ओळीने उभ्या करायच्या, वरून दिवा धरून प्रत्येकीत डोकावायचे, आणि मगच गोळी बसवायची. शिवाय निवड करतानाच फुगीर दारू पाहायची, म्हणजे थोड्या वजनात पुंगळी बरीच भरेल आणि दुसरा भार डोळ्यांत येईल. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉजडन कंपनीने ‘ट्रेल बॉस’ ही मध्ये भोक असलेल्या चकत्यांची दारू काढली, ती अशाच हलक्या भारांसाठी. काही लोक रिकाम्या जागेत तंतू कोंबून दारू तळाशी दाबून ठेवतात. पण त्यामुळे रायफलीत काडतूस बसते त्या जागी वळे उमटल्याच्या तक्रारी आहेत. आम्हांला ती युक्ती पसंत नाही.

गोळीच्या धातूचाही दारूशी संबंध आहे. चपळ दारूचा धक्का गोळीच्या बुडाला एकदम बसतो, म्हणून शिशात कथील आणि अँटिमनी घालून ते कठीण करतात, किंवा बुडाला तांब्याची छोटी वाटी चढवितात. छापखान्यातल्या आमच्या बंधूंना ऐकून नवल वाटेल, पण या लोकांचा आवडता धातू म्हणजे लायनोटाइपचा: शंभरात सुमारे ८४ भाग शिसे, १२ अँटिमनी, ४ कथील. न्यूयॉर्क टाइम्सने जुलै १९७८ मध्ये लायनोटाइप बंद केले. असे एकेक छापखाने गरम धातूपासून सुटले, आणि त्यांची भंगारातली अक्षरे गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढईत गेली. ज्या धातूने जुळाऱ्यांच्या अंगात शिसे भिनविले, तोच आता हौशी माणसाच्या पडवीत उकळतो. तेथेही वारा खेळता हवा, कढईत पाण्याचा थेंब पडता कामा नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही. उरते ती परीक्षा. एका दारूच्या पाच-पाच गोळ्या कागदावर मारून भोके किती जवळ पडली ते वहीत लिहितात, आणि दुसऱ्या दारूचा डबा उघडण्यापूर्वी पहिला कपाटात बंद करतात.