हुद्दा बदलतो, हुन्नर टिकतो

(मंडळाच्या गणेशोत्सवात 'दहावी-बारावीनंतर पुढे काय?' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर बोलायला खरे तर एखाद्या प्राचार्यांना बोलवायला हवे होते. पण आपले सचिव म्हणाले, "साहेब, तुम्हीच बोला. तुम्ही डिझेलही पाहिलंत आणि आता वीजही पाहताय." तेवढ्या पात्रतेवर मी उभा आहे. मी डिप्लोमा झालेला माणूस. लोको शेडमध्ये वीस वर्षांहून जास्त नोकरी झाली. मोठे सिद्धान्त मला मांडता येणार नाहीत. इंजिनाजवळ उभे राहून जे दिसले ते सांगतो.

इटारसीसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या घरी एक वाक्य ऐकू येते, "पोरगा एकदा रेल्वेत चिकटला की आपण सुटलो." खोटे नाही ते. आपल्यापैकी कित्येकांचे वडील भुसावळ, अकोला, नागपूरकडून इकडे बदलून आले आणि या नोकरीनेच आपल्याला उभे केले. पण त्यात एक गोष्ट आपण विसरतो. नोकरी पर्मनंट असते, काम पर्मनंट नसते.

रेल्वेचाच इतिहास पाहा. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने बनत होती. १९६१ पासून तिथे विजेची इंजिने बनू लागली आणि १९७० च्या दशकात वाफेचे काम थांबले. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये बंद झाली. फायरमन गेला, डिझेल असिस्टंट आला. आज त्यालाच आपण असिस्टंट लोको पायलट म्हणतो. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. आज तिथे विजेची इंजिने बनतात आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्दही गेला. तारसेवा २०१३ मध्ये संपली. २०२२ मध्ये गार्डसाहेबांचे ट्रेन मॅनेजर झाले. आता देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्गांवर वीज आली आहे. एकाच मोठ्या खात्यात एका माणसाच्या हयातीत एवढे बदल होतात, तर बाहेरच्या खासगी बाजाराचे काय सांगावे?

हे बदल माझ्याही वाट्याला आले. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. सोळा सिलिंडरचे डिझेल इंजिन, टर्बो, गव्हर्नर, इंजेक्टर यांत माझी उमेदीची वर्षे गेली. मग देशभरातल्या डिझेल शेडकडे विजेची इंजिने येऊ लागली तशी आमच्याकडेही आली. चाळिशी उलटल्यावर वीस वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी ट्रेनिंगच्या बाकावर बसलो. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार, समोर थ्री-फेजचा कन्व्हर्टर आणि केबमध्ये कॉम्प्युटरचा पडदा. आमच्यातले कित्येक जण चहाच्या टपरीवर हळूच म्हणत, "आता आपला काही उपयोग नाही."

त्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्याला डिझेल इंजिन म्हणतो ते खरे तर आपले पॉवरहाऊस पाठीवर घेऊन फिरणारे विजेचे इंजिन आहे. डिझेलवर जनरेटर फिरतो, त्याची वीज ट्रॅक्शन मोटरला जाते आणि मोटर चाक फिरवते. विजेच्या इंजिनात पॉवरहाऊस पाठीवरून उतरले, एवढेच. बोगी तीच, चाके-धुरे तेच, ब्रेक, कॉम्प्रेसर, बेअरिंग यांचे तंत्र तेच. म्हणजे निम्मे ज्ञान आमच्याजवळ होतेच. उरलेले शिकायचे होते.

याहून महत्त्वाची गोष्ट नंतर कळली. मला पहिल्यापासून एका कामाची आवड. इंजिन वाटेत बंद पडले की ते का पडले याचा माग काढायचा. पूर्वी मी प्रयोगशाळेतला ल्युब ऑइलचा रिपोर्ट घेऊन बसायचो. तेलात तांबे वाढले, लोखंड वाढले, म्हणजे आत कुठे झीज होते आहे याचा अंदाज बांधायचा. आज इंजिनातल्या कॉम्प्युटरमधून बिघाडाच्या नोंदी लॅपटॉपवर उतरवतो आणि कुठल्या क्रमाने काय घडले ते जुळवतो. साधने सगळी बदलली. माग काढण्याचे काम तेच राहिले, आणि त्यातच माझे मन रमते.

आमच्या शेडमधले एक मिस्त्री होते. नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर कमी काम करतो ते सांगायचे. विजेचे इंजिन आले तेव्हा म्हणाले, "हे तर मुकं इंजिन आहे, मी ऐकू काय?" सहा महिन्यांत तेच मिस्त्री ब्लोअरचे, कॉम्प्रेसरचे, मोटरच्या बेअरिंगचे आवाज ऐकून दोष सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यापर्यंत नवी मुले त्यांना हाक मारायची, "काका, जरा ऐकून बघा ना." त्यांचा हुन्नर डिझेलचा नव्हताच. बारीक फरक ओळखण्याचा होता, म्हणून तो टिकला.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. "सध्या कुठली लाइन चालते आहे?" हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारतो, तो थोडा मागे ठेवा. चालणारी लाइन मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत थांबेलच असे नाही. आता एआय आले आहे, तेही पुष्कळ काही बदलणार. आधी मुलाकडे पाहा. कुठल्या कामात त्याला वेळ कळत नाही? लोक त्याला कशासाठी हाक मारतात?

हे पाहायला लांब जायला नको, आपल्या मंडळातच पाहा. आपल्या मांडवात रोषणाई करणारा एक मुलगा आहे. गणितात दोनदा नापास झाला. पण तिन्ही फेजवर लोड सारखा वाटून देणे त्याला कोणी शिकवले नाही, त्याने विचारून विचारून शिकून घेतले. त्याच्यासाठी आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स ही कमीपणाची गोष्ट आहे का? एक मुलगी वर्गणीचा हिशेब रोज रात्री पैशापैशापर्यंत जुळवते आणि जुळला नाही तर झोपत नाही. तिला सायन्सला ढकलू नका. महाप्रसादाच्या दिवशी चारशे पाने उठवताना कोण गोंधळत नाही, रुसलेल्या कार्यकर्त्यांची समजूत कोण काढते, सूत्रसंचालन कोण करते, हे सगळे आपण दरवर्षी पाहतो आणि विसर्जनानंतर विसरतो.

अर्थात आवड म्हणजे लगेच करिअर नव्हे. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. काम आवडते का, ते जमते का, आणि त्याचे पैसे देणारे कोणी आहे का. तिसऱ्याचे उत्तर घरी बसून मिळत नाही. सुट्टीत महिनाभर एखाद्या वर्कशॉपमध्ये, दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात मुलाला बसू द्या. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात स्टायपेंड घेऊन काम शिकता येते. मात्र त्यातून नोकरीची हमी मिळते असे समजू नका. रुळांवरचे कामही फक्त रेल्वेतच उरलेले नाही. नागपूरला २०१९ पासून, पुण्याला २०२२ पासून आणि आपल्या इंदूरला २०२५ पासून मेट्रो धावते आहे.

आता थोडे कडू बोलतो. रेल्वेने २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या १,०३,७६९ जागांची जाहिरात काढली. अर्ज आले १ कोटी १५ लाखांवर, म्हणजे एका जागेमागे शंभरहून अधिक मुले. परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर एकवीस वर्षांचा मुलगा चोवीसचा झाला. परीक्षा जरूर द्या, मीही परीक्षा देऊनच आलो. पण किती वर्षे द्यायची हे आईवडिलांसमोर बसून आधी ठरवा, आणि त्या काळात हाताला दुसरे एखादे काम लागू द्या.

माझा भाचा पाच वर्षे परीक्षा देत होता. नातेवाईक आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. त्याचे गणित चांगले. शेजारची मुले अडली की त्याच्याकडे येत. तो एका शिकवणी वर्गात शिकवू लागला, आणि आज त्याच्या वर्गात बसायला मुलांना जागा पुरत नाही. परीक्षा तो अजूनही देतो, पण आता पाहुणे आले की बाहेर येऊन बसतो. घरातल्या मोठ्यांनी एवढे तरी पाहावे की मूल आतल्या खोलीत का जाते.

शेवटी माझ्या सहकाऱ्यांना दोन शब्द. तुमची-माझी दहा-पंधरा वर्षे नोकरी शिल्लक आहे. नवे शिकताना लाज धरू नका. नवी मुले आपल्याला सर्किट समजावतात, आपण त्यांना बोगी समजावू. ज्याच्याकडून शिकलो त्याला मान दिला की वय आड येत नाही.

आपण नुसते ऐकून घरी जाऊ नये म्हणून मंडळाने एक ठरवले आहे. विसर्जनानंतरच्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा सभागृहात आमच्यापैकी काही जण बसतील. शेडचे, सिग्नलचे, बँकेचे, दवाखान्यातले आणि शाळेतलेही असतील. मुलाला घेऊन या, आणि मुलालाच बोलू द्या. नावे आजच सचिवांकडे नोंदवा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!