तिकीट या शब्दाची संगत

उज्जैनमध्ये देवास गेटच्या बसस्थानकावर इंदूरच्या गाडीत चढलेला मराठी माणूस सोबत्याला विचारतो, "तिकीट काढलंस का?" मागच्या बाकावरून कुणी हिंदीत विचारतं, "टिकट ले लिया?" नाम एकच, इंग्रजीतून आलेलं. हिंदीत ते पुल्लिंगी झालं, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदीत त्याला 'लेना' मिळालं, मराठीत 'काढणं'. उज्जैनच्या मराठी घरांत 'तिकीट घेतलं'ही सहज म्हणतात. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. शेजाराचा तो हक्कच आहे.

मराठीने हे नाम किती आपलंसं केलं पाहा. बहीण, पण बहिणीला. तसंच तिकीट, पण तिकिटाला. प्रत्यय लागताच दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो, तो थेट घरच्या शब्दासारखा. मग क्रियापदं जमली. प्रवासी तिकीट काढतो, कंडक्टर फाडतो, पक्ष ते देतो आणि कापतोही. पाकिटावर आपण तिकीट लावतो. इंग्रजीत मात्र तिथे टिकिट नसतं, स्टॅम्प असतो. आणि 'मला तिकीट मिळालं' हे वाक्य घ्या. रेल्वेच्या खिडकीवरून परतलेला म्हणाला तर प्रवास, निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्ता म्हणाला तर उमेदवारी, अमेरिकेतल्या भाचीने फोनवर सांगितलं तर बहुधा वाहतुकीचा दंड!

इंग्रजी शिकताना आपल्या मुलांची अडचण इथेच होते. 'टिकिट' हा शब्द त्यांना येतो, संगत येत नाही. मराठीत एकटा 'चा-ची-चे' सगळं निभावतो: भोपाळचं तिकीट, नाटकाचं तिकीट, दहा रुपयांचं तिकीट. इंग्रजीत सहसा भोपाळसाठी 'टु' लागतो, नाटकासाठी 'फॉर', आणि दहा रुपयांचं होतं 'टेन-रुपी टिकिट'. रुपये दहा असूनही शब्द एकवचनी. तिथे तिकीट 'बाय' करतात, 'बुक' करतात. 'काढणं' शब्दशः नेलं, तर ऐकणाऱ्याला ते खिशातून बाहेर काढल्यासारखं वाटेल. मुलगा व्याकरण चुकला असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याला अर्धाच शब्द शिकवला गेला.

शब्दाच्या संगतीचा हा विचार नवा नाही. जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. उज्जैनकरांना तो परका वाटू नये. शिप्रेकाठच्या गुंफेतले राजा भर्तृहरी आणि 'वाक्यपदीय' लिहिणारे भर्तृहरी एकच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण त्या ग्रंथाची भूमिका स्पष्ट आहे: अर्थ अखंड वाक्याला असतो, पदं सुटी करायची ती समजावून घेण्यापुरती.

म्हणून शिक्षकांना आणि आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. शब्दार्थाच्या वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, अशा दोन रकान्यांवर थांबू नका. एका नामाला एक अख्खं पान द्या. 'टिकिट'च्या पानावर 'बाय अ टिकिट', 'अ टिकिट टु भोपाळ', 'अ टिकिट फॉर द प्ले' असे शब्दसमूहच लिहून घ्या, मोठ्याने म्हणून घ्या, आणि समोर आपलं 'तिकीट काढणं'ही लिहायला सांगा. आठवड्याला एक नाम झालं तरी चालेल. 'टाइम'ला तर एक पान पुरणार नाही.