हेड घासावे की बदलावे?



महाडच्या औद्योगिक वसाहतीतील तरुण कामगार आम्हांला विचारतात, मोटारीची ताकद वाढवण्यासाठी जुने हेड घासून घ्यावे की बाजारातले तयार हेड बसवावे? आम्ही उलट विचारतो, मोटार चालवणार कोठे? हेडातील वाट रुंद केली की वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला हवा भरपूर मिळते. परंतु कमी फेऱ्यांत त्याच वाटेत हवेचा वेग मंदावतो. शर्यतीत जे लाभते, तेच पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात नडते.

घासण्यात कारागिराच्या हाताची परीक्षा असते. भिंतीपलीकडे पाणी खेळते. हात जरा अधिक चालला की हेड भंगारात! नव्या हेडात मोठे व्हॉल्व्ह मिळतात, पण पिस्टन आणि कॅमही त्याला जुळावे लागतात. तेव्हा हेड शाबूत आणि गरज थोडी, तर घासा. तडा गेला असेल किंवा शर्यतच करायची असेल, तर बदला. चकाकीवर भुलू नका, हवेचे मोजमाप मागा.

आणि मजुरीत घासाघीस नको! धातूची धूळ त्या कारागिराच्या छातीत जाते. त्याला मुखपट्टी द्या, पुरता वेळ द्या. घाईने घासलेले हेड शेवटी नव्याहून महाग पडते.