अद्भुताचा हिशेब

नाटकात अशक्य गोष्ट घडली, तर प्रेक्षक ती सहज मान्य करतो. देवी प्रसन्न झाली, तुटलेले मस्तक जुळले, नागाने मनुष्यरूप घेतले, यांपैकी कशालाही तो हरकत घेत नाही. परंतु नायकाच्या उजव्या गालावरचा व्रण पुढच्या प्रवेशात डाव्या गालावर दिसला, की त्याचा विश्वास तत्क्षणी उडतो. चमत्काराची सवलत एकदाच मिळते. पुढचा सारा तपशील चोख राखावा लागतो. चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकेत दृश्ये कथेच्या क्रमाने टिपली जात नाहीत. म्हणून वेष, केशरचना, जखमा यांची नोंद ठेवणारा स्वतंत्र माणूस तेथे नेमलेला असतो. रंगभूमीवर मात्र या नोंदीचा बराच भार संहितेवरच पडतो.

गिरीश कार्नाड यांची दोन नाटके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कार्नाडांचा जन्म १९३८ साली माथेरानला झाला, ते वाढले शिरसी-धारवाडकडे आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले ते बंगळुरूत. त्यांचे 'हयवदन' १९७१ सालचे. ब. व. कारंतांच्या दिग्दर्शनाखाली ते बंगळुरूच्या 'बेनक' या संस्थेने कन्नडमध्ये रंगविले. मराठीत ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून आणि विजया मेहतांच्या दिग्दर्शनातून आले.

कथेचे मूळ वेताळपंचविशीत आहे. विद्वान देवदत्त आणि बलदंड कपिल हे जिवलग मित्र कालीच्या देवळात आपापली मस्तके उतरवितात. झोपमोड झालेली देवी जांभई देत पद्मिनीला मस्तके जोडावयास सांगते, आणि त्या गडबडीत पद्मिनीच्या हातून ती उलटसुलट जोडली जातात. रंगमंचावर याची युक्ती अगदी साधी आहे. देवदत्ताचा मुखवटा गोरा, कपिलाचा सावळा. दोघांच्या मुखवट्यांची अदलाबदल झाली, की मस्तके बदलली! परंतु नटांची खरी कसोटी येथेच लागते. मस्तकाबरोबर स्वभाव आणि बोलण्याची ढब जावयास हवी, शरीराबरोबर चाल आणि हाताची पकड राहावयास हवी. एका नटाला दुसऱ्याची भाषा आपल्या देहात वागवावी लागते.

पती कोणता, मस्तकाचा की धडाचा? मस्तक श्रेष्ठ, असा निर्णय ऋषी देतो. पुढे देवदत्ताच्या मस्तकाखालचे बळकट शरीर हळूहळू मऊ पडत जाते. हा बदल प्रेक्षकांना कोण सांगते? उज्जैनच्या जत्रेतून आणलेल्या दोन बाहुल्या! एके काळी मजुरासारखे खरखरीत असलेले धन्याचे तळवे आता मऊ झाले आहेत, हे त्या हेरतात. मालिकेतला नोंदनीस जे काम वहीत करतो, तेच येथे खेळण्यांच्या तोंडून होते. शिवाय या बाहुल्या स्वतःही झिजतात, फाटतात, आणि त्यावरून किती काळ लोटला याचा अंदाज येतो.

१९८८ सालच्या 'नागमंडल'मध्ये हाच हिशेब अधिक कठोर होतो. अप्पण्णा दुपारी जेवावयास येतो आणि बायकोला, राणीला, कुलूपबंद करून निघून जातो. रात्री त्याचेच रूप घेऊन नाग येतो. दिवसाचा कठोर पुरुष आणि रात्रीचा कोमल पुरुष यांत मेळ नाही, हे राणीला जाणवते. पण प्रश्न विचारावयास तिला मनाई आहे. आरशात तिला नागच दिसतो, तरी ती गप्प राहते. टी. एस. नागाभरण यांनी १९९७ साली या नाटकावर कन्नड चित्रपट केला. त्यात प्रकाश राज यांनी या दोन्ही भूमिका केल्या. चेहरा एकच असल्यामुळे दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे केवळ वागणुकीवरून ओळखू यावे लागते.

राणी गरोदर राहते, तेव्हा अप्पण्णा तिला व्यभिचारिणी ठरवितो. त्याच्या बाजूने पाहता त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने तिला कधी स्पर्शच केलेला नसतो. पंचांसमोर राणी नाग हाती धरून शपथ घेते, की पती आणि हा नाग यांखेरीज कोणत्याही पुरुषाला आपला हात लागलेला नाही. या शपथेचा शब्द न् शब्द खरा आहे. मागच्या प्रवेशांत एक तपशील जरी ढिला राहिला असता, तरी ती शपथ लटकी पडली असती, आणि तिच्याबरोबर एका निरपराध स्त्रीचा न्यायही. पडद्यामागची ती काटेकोर नोंद प्रेक्षकाला दिसत नाही; राणीवर त्याचा विश्वास बसतो, तो मात्र तिच्याच बळावर.