पात्रता शिक्षकाची आणि शासनाची

(चिमूर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूरची सामान्य माणसे साम्राज्यसत्तेविरुद्ध उठली. पुढे दडपशाहीत येथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केले. त्याच चिमूरच्या पंचक्रोशीतील सातवीच्या मुलीला गणिताचा शिक्षक मिळतो की नाही, हा प्रश्न त्या लढ्यापुढे लहान वाटेल. वस्तुतः तो त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी दोन बंधने घातली. पहिले शिक्षकावर. 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने या वर्गांसाठी पदवी, अध्यापनाचे प्रशिक्षण आणि पात्रता परीक्षा आवश्यक झाली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय दिला. दुसरे बंधन शासनावर. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक द्यावा, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते.

पहिल्या बंधनाची अंमलबजावणी कसोशीने होते, दुसऱ्याचे काय? 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासननिर्णयाने, सहावी ते आठवीचा पट विसापेक्षा कमी असेल तेथे शिक्षकाचे एकही पद मंजूर न करण्याची तरतूद केली. शिक्षक संघटनांनी तिच्याविरुद्ध आंदोलने केली, ती योग्यच होती. पद नसेल तर पात्रता तपासायची कोणाची?

पटाचा हा हिशेब शहरात एक वेळ चालेल. जंगलपट्ट्यातील गावेच लहान. तेथे पट मोठा येणार कोठून? चिमूर तालुक्याचा काही भाग ताडोबाला लागून आहे. शेजारच्या गावची शाळा नकाशावर तीन किलोमीटरांवर दिसते, पण ती वाट वाघाच्या वावरातून जाते. अशा वाटेवर बारा वर्षांच्या मुलीला एकटी कोण पाठवील? तिचे शिक्षण सातवीच्या आधीच थांबते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला काटकसर म्हणता येत नाही. तिजोरीवरचा खर्च उचलून मुलाच्या पायांवर टाकला, एवढाच त्याचा अर्थ.

पात्रतेच्या अटीला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. गरिबाच्या मुलाला अर्धशिक्षित मास्तर पुरेल, हा विचारच विषमतेचा आहे. परंतु 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी प्रशिक्षित शिक्षक आणि पुरेसे वेतन, अशा दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या. महाराष्ट्राने 2000 साली शिक्षणसेवक योजना आणून पात्र तरुणाला पहिली तीन वर्षे मानधनावर राबविले. प्राथमिक शाळेत ते मानधन प्रारंभी दरमहा 3,000 रुपये होते. 2023 मध्ये ते 16,000 झाले. योग्यता पूर्ण हवी, मोबदला मात्र अपुरा, हा न्याय कोणता?

कार्यकर्त्यांपुढील काम साधे आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीत बसून विचारावे : मंजूर पदे किती, भरलेली किती, विज्ञान व गणित कोण शिकवितो? उत्तरे लेखी घ्यावीत, ग्रामसभेत वाचावीत आणि जिल्हा परिषदेकडे न्यावीत. शिक्षकाची परीक्षा शासन घेतेच. शासनाची परीक्षा गावाने घेतली पाहिजे.