नव्या डावाची पारख

जोंधळ्याचे पीक हुरड्यास आले म्हणजे माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखणारा मनुष्य खटाव तालुक्यात पूर्वी शिवारोशिवारी दृष्टीस पडे. आज वडूजसारख्या गावातही मुलांच्या हाती मोबाईल आला आहे, आणि त्यावर ‘पोकेमॉन’ नामक जपानी खेळातील चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजी रंगलेल्या असतात. वडील मंडळींस हा निव्वळ कालापव्यय वाटतो, आणि पुष्कळदा तो तसा असतोही. परंतु खेळता खेळता एखाद्या मुलाच्या मनात जेव्हा असा विचार येतो की, ‘या खेळात अमुक एक नवा डाव असता तर!’ तेव्हा त्याचे पाऊल वस्तादाच्या उंबरठ्यावर पडलेले असते. त्या वेळी त्यास दटावण्यापेक्षा त्याच्या डावाची पारख करून दाखविणे अधिक हिताचे होय. ती पारख कशी करावी, हे कुस्तीच्या या मुलखात सांगणे कठीण नाही.

प्रथम खेळाची घडण पाहू. हा खेळ इ. स. 1996 मध्ये जपानात निघाला. प्रत्येक प्राण्याचा एखादा गट असतो: अग्नी, जल, दगड, पोलाद इत्यादी. डावांचेही असेच गट असतात. पाण्याचा डाव अग्नीच्या प्राण्यास दुप्पट लागतो; दगडाचा डाव उडणाऱ्या प्राण्यास दुप्पट, तर पोलादी प्राण्यास निम्माच लागतो. डाव शेकडो आहेत, पण एका प्राण्याने एका वेळी चारच बाळगावयाचे, असा दंडक आहे. म्हणून नवा डाव घ्यावयाचा तर जुना एक टाकावा लागतो. तालमीतही हेच आढळते. पैलवानास डाव पुष्कळ ठाऊक असतात; परंतु फडात उतरल्यावर तो ज्यांच्या बळावर लढतो, ते हुकमी डाव दोन-चारच असतात.

पारखीचा पहिला प्रश्न असा: या डावाची किंमत कोणती? धोबीपछाड मारणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करावी लागते. डाव फसला तर ती पाठ आयतीच त्याच्या हाती सापडते. पट काढण्यास झेपावणाऱ्याची मान खाली जाते, आणि चपळ गडी वरून भार टाकून त्यास तेथेच दाबतो. फुकटचा डाव कुस्तीत नाही. पोकेमॉनमध्ये ‘हायपर बीम’ नावाचा डाव आहे. त्याचा जोर 150, म्हणजे सामान्य चांगल्या डावाच्या दीडपटीहून अधिक. पण तो मारल्यानंतर पुढची एक पाळी स्वस्थ बसावे लागते. पहिल्या आवृत्तीत एक पळवाट होती: या डावाने प्रतिस्पर्धी प्राणी गारद झाला तर ती विश्रांती माफ असे. पुढच्या आवृत्तीत ही सवलत काढून टाकण्यात आली. किंमत घेतल्यावाचून एवढा जोर देणे न्यायाचे नव्हे, हे कर्त्यांनी ओळखले.

दुसरा प्रश्न: या डावास तोड कोणती? त्याच पहिल्या आवृत्तीत ‘रॅप’ म्हणजे विळख्याचा एक डाव होता. तो एकदा बसला की प्रतिस्पर्ध्यास दोन ते पाच पाळ्या हालचालच करता येत नसे. चपळ प्राण्याने तो पुनःपुन्हा घालावा आणि समोरच्याने नुसते पाहत राहावे! नव्या आवृत्तीत विळखा राहिला, पण विळख्यात सापडलेल्यास प्रतिकाराची मुभा मिळाली. तसेच प्रारंभी मनःशक्तीच्या गटातील प्राणी फार शिरजोर झाले होते. म्हणून 1999 साली ‘अंधार’ आणि ‘पोलाद’ असे दोन नवे गट घालण्यात आले. अंधाराच्या प्राण्यावर मनःशक्तीचा डाव मुळीच चालत नाही. बलवत्तर डावाची खोडी काढावयाची तर त्यास तोड निर्माण करावी, हा वस्तादाचाच न्याय तेथे लागू झाला.

आता वडूजच्या एखाद्या मुलाने ‘गोफण’ या नावाचा डाव योजिला, अशी कल्पना करावी. डाव दगडाच्या गटातला. तेव्हा पाखरांवर दुप्पट लागणार, हे नावास साजेसेच झाले. त्याने ठरविले की, न फिरविता सोडली तर जोर 60. एक पाळी फिरवून सोडली तर 150. दोन पाळ्या फिरवून सोडली तर 270. वडील मंडळींनी येथे पाटी-पेन्सिल घ्यावी. पहिल्या प्रकारात एका पाळीस 60 पडतात. दुसऱ्यात दोन पाळ्यांस 150, म्हणजे पाळीमागे 75. तिसऱ्यात तीन पाळ्यांस 270, म्हणजे पाळीमागे 90. खेळात 90 जोराचे साधे डाव आहेतच. मग एवढा खटाटोप कशासाठी?

येथेच डावाचे मर्म आहे. या खेळात काही प्राणी एका पाळीत आपली निम्मी शक्ती भरून काढतात. अशा प्राण्यास नव्वदाचे तीन घाव तीन वेळा मारले, तर तो प्रत्येक घाव बुजवीत जातो. तेच 270 एका घावात आले तर बुजविण्यास अवसर मिळत नाही. म्हणजे गोफणीस एक निश्चित काम मिळाले. आता तिची किंमत ठरवावी: गोफण फिरत असता अंगावर घाव बसला तर फेरा तुटावा आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागावा. तोडही तीतूनच निघते. प्रतिस्पर्ध्याने एक तर बरे होणे सोडून हलकासा का होईना घाव मारावा, किंवा पोलादी प्राणी पुढे करून जोर निम्म्यावर आणावा. गोफणवाल्यानेही ते ताडून दगड लवकर सोडावा. अशा रीतीने दोघांसही विचार करावा लागतो. चांगला डाव प्रतिस्पर्ध्यापुढे प्रश्न टाकतो. उत्तर देण्याचा त्याचा हक्क हिरावून घेत नाही.

तिसरा प्रश्न नियमांचा. मातीच्या कुस्तीत चीतपट हाच खरा निकाल. मॅटवर वेळेची मर्यादा असते, आणि चीतपट न झाल्यास वरचढपणावरून निर्णय होतो. ग्रीको-रोमन कुस्तीत तर कमरेखाली धरण्याची मनाई. तेथे पट आणि टांग ही दोन्ही शस्त्रे म्यान करावी लागतात. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव तालमीच्या मातीत वाढले; 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, आणि 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी 1962 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक जिंकले. नियम बदलले की डावांची किंमत बदलते, आणि जो ती नव्याने मोजतो तोच टिकतो. खेळाची नवी आवृत्ती निघाली म्हणजे मुलांसही आपले चार डाव असेच पुन्हा पारखावे लागतात.

राहिला प्रश्न गुप्ततेचा. सादीच्या तेराव्या शतकातील ‘गुलिस्तान’मध्ये एका वस्तादाची गोष्ट आहे. त्यास 360 डाव येत. त्याने शिष्यास 359 शिकविले आणि एक राखून ठेवला. पुढे शिष्य उन्मत्त झाला तेव्हा त्या एका डावाने त्यास अस्मान दाखविले. गोष्ट चातुर्याची खरी. पण राखून ठेवलेला डाव अज्ञानावर जगतो. एकदा तो उघडा पडला की दुसऱ्या वेळी शिष्य सावध असणारच. नवा डाव रचणाऱ्याने याच्या उलट कसोटी लावावी. डाव सर्वांस समजावून सांगावा, आपल्या सोबत्याच्या हाती द्यावा, आणि तो स्वतःवर चालवू द्यावा. सर्वांस ठाऊक झाल्यावरही जो उपयोगी राहतो, आणि आपल्यावर पडला असता अन्याय झाला असे ज्याविषयी वाटत नाही, तो डाव पक्का समजावा.

ज्या मुलास ही पारख साधली, तो प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभे राहून विचार करण्यास शिकला. हे शिक्षण लाल मातीत मिळो की काचेच्या पडद्यावर, त्याचा उपयोग खेळापुरताच राहत नाही. घरातील वडिलांनी म्हणून मुलाच्या हातून मोबाईल काढून घेण्यापूर्वी एक वेळ त्यास जवळ बसवावे आणि विचारावे, ‘बाळ, तुझ्या डावाला तोड काय?’